विधान १७ : स्मृती आणि वास्तवावरच्या विज्ञान-थरार श्रुतिकेच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर : सूत्र

२४ मिनिटांची श्रुतिका, तीन मुख्य आवाज: रेवा, तिचा दादा आणि परीक्षक. चौथा छोटा आवाज एका कारकुनाचा. काळ २०३९. नऊ वर्षांपूर्वी दाभोळ–धोपावे फेरीबोटीवरून दादाचा धंद्यातला भागीदार वाशिष्ठीच्या खाडीत पडून बुडाला. त्या वेळी मी रेवाशेजारी उभा होतो, असं दादा सांगतो. रेवालाही तसंच आठवतं. ती स्वेच्छेने एका चाचणीला बसते. ऐकवलेलं विधान माणसाने स्वतः अनुभवलंय का, हे यंत्र मेंदूच्या लहरींवरून सांगतं. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, समोर परीक्षक एकेक विधान वाचतोय. सतराव्या विधानाला, म्हणजे ‘मी बोटीवर दादाजवळ उभी होते’ याला, यंत्र ‘अनुभवलेलं’ असा कौल देतं. यंत्र बिघडलेलं नाही आणि रेवा खोटंही बोलत नाही. तरी ती त्या दिवशी बोटीवर नव्हती.

कल्पना हवेतली नाही. बीईओएस ही मेंदूच्या विद्युत्-आलेखावर चालणारी चाचणी मेंदूशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी भारतातच विकसित केली. त्यात विधानं ऐकवतात आणि तोंडी उत्तर घेत नाहीत. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्याच्या निकालात तिचा अहवाल विचारात घेतला होता. पुढे ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा ठरत नाही. तिच्या आधारे काही सापडलं, तर तेवढं ग्राह्य धरता येतं. श्रुतिकेत कल्पनेची उडी एकच आहे: २०३९ पर्यंत कायदा बदललाय आणि संमतीने दिलेल्या चाचणीचा कौल न्यायालय मानतं. बाकी सगळं आज आहे तसंच ठेवलं. विज्ञानकथेत उड्या वाढल्या की ऐकणारा ‘इथे काहीही चालतं’ असं धरून बसतो, आणि मग थरार उरत नाही.

संहितेतली एक दुरुस्ती याच टप्प्यावर केली. परीक्षकाच्या तोंडी ‘एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम २७’ होतं, म्हणजे अशा सापडलेल्या गोष्टींबद्दलचं कलम. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. २०३९ मधला माणूस जुनं नाव घेणार नाही, म्हणून कलमाचा उल्लेखच काढला.

१४ ऑक्टोबर : पहिला खर्डा बाद

पहिल्या खर्ड्यात शेवटी कळायचं की सगळी चाचणीच रेवाच्या मनात चालली होती. वाचनाच्या वेळी हा शेवट आला आणि मागची वीस मिनिटं फुकट गेली. काहीच घडलं नसेल तर कोण बुडालं, कोण वाचलं, याची काळजी ऐकणाऱ्याने का करावी?

त्यानंतर एक नियम ठरवला, आणि असलं काही लिहिणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी ठरवावा. कथेत निदान एक वस्तू अशी हवी, जी कोणाच्याही डोक्यातून जात नाही. इथे ती फेरीबोटीचं तिकीट. त्यावर ‘दुचाकी १’ एवढंच आहे, जादा प्रवासी नाही. दादा एकटाच चढला होता.

तिकिटातही खोट निघाली. खर्ड्यात ते यंत्रातून निघालेलं थर्मल कागदाचं होतं. थर्मल कागदावर शाई नसते. उष्णतेने काळा पडणारा लेप असतो, आणि ऊन, उष्णता, प्लास्टिकचं पाकीट यांनी तो उडतो. कपाटात पडलेलं असं तिकीट नऊ वर्षांनी बहुधा कोरं मिळेल. म्हणून तिकीट छापील पावतीपुस्तकातलं केलं, आणि पुरावा म्हणजे कार्यालयात राहिलेली स्थळप्रत. त्यामुळे कारकुनाचं पात्र आपोआप तयार झालं आणि शेवटही सुधारला.

१९ ऑक्टोबर : सत्यतक्ता

स्मृतीच्या गोष्टीत लेखकाचाच गोंधळ सगळ्यात आधी होतो. कोणत्या दृश्यात कोणाला काय ठाऊक आहे, हे डोक्यात ठेवून चालत नाही. साध्या स्प्रेडशीटवर चार रकाने केले: प्रत्यक्ष घडलं ते, दादाने सांगितलं ते, रेवाला या क्षणी आठवतं ते, ऐकणाऱ्याला आतापर्यंत कळलं ते. दृश्यागणिक एक ओळ. तक्ता भरायला दोन संध्याकाळी पुरल्या, पण तो संहितेच्या आधी व्हायला हवा होता. नंतर केल्यामुळे लिहून झालेली तीन दृश्यं पुन्हा लिहावी लागली. एका दृश्यात तर रेवा अशी गोष्ट नाकारत होती, जी तिला तोवर कोणी सांगितलेलीच नव्हती.

तक्त्याचा खरा उपयोग दुसरा आहे. आठवण एकदम खोटी होत नाही, आठवताना थोडी थोडी बदलते. २००० साली मेंदूशास्त्रज्ञ नेडर, शेफ आणि लडू यांनी उंदरांवर दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी झाली की काही काळ कच्ची होते. त्या अवधीत मेंदूत प्रथिनं बनणं रोखलं, तर ती नीट टिकत नाही. म्हणजे आठवणं हे काही अंशी नव्याने साठवणंही आहे. त्यावरून रचना ठरली: फेरीबोटीचा तोच प्रसंग रेवा तीनदा आठवते आणि दर वेळी नेमका एकच तपशील सरकतो. एकाच वेळी दोन तपशील बदलले की ऐकणाऱ्याला ती दुसरीच घटना वाटते. हे वाचनातच दिसलं.

संवादात हा बदल असा बसवला:

आठवण १ : ‘दादा म्हणे मागच्या कठड्याला टेकला होता.’
आठवण २ : ‘दादा मागच्या कठड्याला टेकला होता.’
आठवण ३ : ‘दादा कठड्याला टेकला होता, मी त्याच्या डाव्या हाताला.’

पहिल्या वाक्यात माहिती कुठून आली ते आहे. दुसऱ्यात ते गळालं. तिसऱ्यात ती स्वतःच चित्रात शिरली. तीन वाक्यांत किमान चार मिनिटांचं अंतर ठेवलं. जवळजवळ ठेवली तेव्हा युक्ती उघडी पडत होती.

२७ ऑक्टोबर : चाचणीची खोली

पहिल्या ध्वनी-आराखड्यात यंत्राला ‘टीं टीं’ होती, कौल आला की वेगळा सूर होता. ते सगळं काढलं. मेंदूचा आलेख घेणारं यंत्र आवाज करत नाही. ते मायक्रोव्होल्टमधला विद्युत्-दाब मोजतं आणि पडद्यावर रेघा काढतं. पण तो आवाज काढल्यावर खोलीत ऐकायला काहीच उरेना.

मग तयारीची प्रक्रिया नीट लिहिली आणि त्यातच सगळं सापडलं. टोपी ताणली जाते, हनुवटीखालचा पट्टा अडकतो. बोथट सुईच्या सिरिंजने प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल सोडतात, केस बाजूला करून त्वचा किंचित खरवडतात. त्वचेचा विद्युत्-रोध उतरावा म्हणून ही खटपट असते. पाच किलोओहमच्या खाली आणणं ही रूढ अपेक्षा. परीक्षक एकेक जागेचा आकडा मोठ्याने म्हणतो: ‘बारा. नऊ. अजून. साडेचार, झालं.’ या उतरत्या आकड्यांनी जो ताण आला, तो कोणत्याही पार्श्वसंगीताने आला नसता. त्यात ‘जबडा सैल सोडा, दात दाबले की सगळ्या रेघा काळ्या होतात’ हे वाक्य घातलं. स्नायूंचा विद्युत्-गोंगाट खरंच आलेख झाकून टाकतो. पापणीची उघडझापही मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठी उमटते, म्हणून डोळे मिटायला सांगतात.

सामान: पोहण्याची कापडी टोपी, जुन्या हेल्मेटचा पट्टा, ५ मिलीची सिरिंज, केसांचं जेल. जेल मायक्रोफोनपासून चार बोटांवर दाबायचं. लांबून दाबलं तर ऐकूच येत नाही. सगळं मिळून १८० रुपये.

विधानांमधला विराम हा सगळ्यात नाजूक भाग निघाला. कागदावर सहा सेकंद ठेवले होते. ऐकणाऱ्यांनी फोन काढून ‘बंद पडलं का’ म्हणून पडदा बघितला. विराम चार सेकंदांवर आणला आणि त्यात तीन बारीक आवाज ठेवले: रेवाचा श्वास, खुर्चीच्या रेक्झिनची कुरकुर, परीक्षकाच्या पेन्सिलची एक खूण. विधान १७ नंतर मात्र पूर्ण सहा सेकंद आहेत, आणि तिथे पेन्सिल वाजत नाही. सोळा विधानं ऐकून कानाला सवय झालेली असते, त्यामुळे तिथे कोणी फोन बघितला नाही.

३ नोव्हेंबर : दाभोळचा धक्का

खरा आवाज घ्यायचा म्हणून दाभोळला गेलो. बोट सपाट तळाची, पुढे लोखंडी रॅम्प. दुचाक्या, मोटारी, एसटीसुद्धा त्यावरूनच चढतात. तिकीट खिडकीवर आधी सांगून ठेवलं. कोणी अडवलं नाही.

तीन जागांवरून रेकॉर्डिंग केलं: धक्क्याच्या उतारावर लांब, रॅम्पच्या तोंडाशी, आणि बोटीवर मागच्या कठड्याजवळ. ही तीन अंतरं म्हणजेच तीन आठवणी. आठवण जितकी खोटी, तितका मायक्रोफोन घटनेच्या जवळ, आणि तितकंच सगळं स्पष्ट. या कामाचा सगळा डोलारा यावर उभा आहे. खोटी आठवण धूसर नसते. लोकांना ती खऱ्याइतकीच लखलखीत दिसते, आणि ते तिच्यावर खऱ्याइतकाच विश्वास ठेवतात. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी हार्श यांच्यासह पुन्हा विचारलं, तेव्हा कित्येकांचं उत्तर पार बदललेलं होतं, आणि तरी ते ठाम होते. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवूनही पहिली आठवण परत आली नाही. आठवणीच्या दृश्यात घुमारा, प्रतिध्वनी, संथ झालेला आवाज घालायची सवय म्हणूनच सोडून द्यावी. ती ऐकणाऱ्याला आधीच सांगून टाकते की हे खरं नाही.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये काय बिघडलं ते असं. खाडीवरचा वारा: रेकॉर्डरवरच्या स्पंजच्या टोपीने तो अडत नाही. पहिल्या दिवसाचा जवळजवळ सगळा माल घरघरीने वाया गेला. चिपळूणमध्ये काही मिळालं नाही, तेव्हा लांब केसांचं कृत्रिम फरचं आवरण मागवून दुसऱ्या फेरीत वापरलं, ९०० रुपये. ते नसेल तर निदान गाडीच्या आडोशाला उभं राहावं आणि मायक्रोफोन कमरेच्या उंचीवर धरावा. जमिनीजवळ वारा कमी असतो.

भोंगा: इंजिनच्या आवाजावर पातळी बसवली होती आणि भोंगा त्याच्या कितीतरी वर गेला, लहरींची टोकं कापली गेली. कापलेलं टोक नंतर दुरुस्त होत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करताना उच्चतम पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली तरी गोंगाट वाढत नाही, तेव्हा हात आखडताच ठेवावा. झूम एच५ या रेकॉर्डरवर १२ डेसिबल कमी पातळीची जोड-प्रत आपोआप घ्यायची सोय आहे. ती चालू केल्यावर दुसऱ्या भोंग्याची चिंता राहिली नाही.

बॅटरी: बाहेरच्या कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पुरवले की दोन पेन्सिल सेल बघता बघता संपतात. खिशात पॉवर बँक हवीच.

रॅम्प टेकतो त्या आवाजाचे तीन भाग आहेत. आधी साखळीची किणकिण, मग काँक्रीटवर लोखंड घासल्याची खरखर, शेवटी पोटात बसणारा ठोका. ते वेगळे ऐकू यावेत म्हणून इंजिन मंद असताना घेतलेला भाग सगळ्यात उपयोगी पडला. जाण्या-राहण्याचा दोघांचा खर्च ५,२०० रुपये.

१२ नोव्हेंबर : पावलं

रेवा कुठे उभी आहे हे तिच्या पावलांवरून कळतं. धक्क्यावर काँक्रीट, बोटीवर लोखंडी पत्रा. काँक्रीटसाठी गच्चीची फरशी चालली. पत्र्यासाठी भंगारातून ३ मिमी जाडीचा, दोन फूट बाय दोन फूट, उठावाच्या नक्षीचा तुकडा आणला. वजन नऊ किलोच्या आसपास, ४५० रुपये. नुसता जमिनीवर ठेवला तर परातीसारखा वाजतो. खाली दुमडलेलं गोणपाट घातलं आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, तेव्हा बोटीसारखा बोदा ठोका आला. रबरी चपलेचा टाचेला लागणारा फटका दोन्हीकडे सारखाच राहतो. तो सारखा राहायलाच हवा, कारण माणूस तोच आहे.

उकल इथेच पेरली आहे. तिसऱ्या आठवणीत सगळीकडे पत्र्याची पावलं आहेत, पण भोंग्यानंतर रेवा एक पाऊल मागे सरकते ते काँक्रीटवर वाजतं. नऊ वर्षांत सगळं बदललं, हे एक पाऊल बदललं नाही. कारकुनाच्या दृश्यानंतर तेच पाऊल पुन्हा येतं.

२३ नोव्हेंबर : आवाजांचं रेकॉर्डिंग

स्टुडिओ ८०० रुपये तास, एकूण १० तास. तीन मुख्य नटांना प्रत्येकी ३,००० मानधन, बाहेरच्या मायक्रोफोनचं भाडं १,५००.

पहिल्या सत्रातलं रेवाचं काम वापरता आलं नाही. नटीला संहिता पूर्ण ठाऊक होती, त्यामुळे खोट्या आठवणीत आवाज नकळत हळू आणि हळवा व्हायचा. ‘ठामपणे बोला’ असं सांगून उलट नाटकी झालं. उपाय असा केला: तिन्ही आठवणींचे संवाद वेगळ्या सुट्या कागदांवर छापले, क्रमांक काढून टाकले, पिसले आणि त्या क्रमाने घेतले. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर फक्त ‘हे तू पाहिलंस’ एवढं लिहिलं. तीन आठवणी एकाच वजनाच्या मिळाल्या. दुसरी नटी घेता आली तर तिला शेवट सांगूच नये.

दादाचं उलट. तो खलनायक वाटू लागला की गोष्ट संपते. त्याला सांगितलं की बहिणीला घाबरवायचं नाही, तिला धीर द्यायचाय. ‘अगं, तू होतीस ना माझ्याबरोबर. आठव बघ. भोंगा वाजला, तू दचकलीस.’ हे प्रेमाने म्हटलं की अंगावर येतं. यामागे मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस आणि पिकरेल यांचा १९९५ चा प्रयोग आहे. २४ जणांना लहानपणच्या तीन खऱ्या घटनांबरोबर एक खोटी घटना, दुकानांच्या संकुलात हरवल्याची, घरच्यांच्या हवाल्याने दिली, तेव्हा साधारण चौथाई लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार आठवू लागली. सांगणारा घरचा आणि भरवशाचा, हेच त्यातलं हत्यार आहे.

मायक्रोफोनपासून तोंड एक वीत, मध्ये जाळीचा पडदा, किंचित तिरकं उभं राहायचं. प्रत्येक सत्राच्या शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. संवाद कापताना मधली भोकं बुजवायला तोच लागतो. एका सत्रात तो राहून गेला आणि त्या दृश्यात प्रत्येक जोड ऐकू येत होता. शेवटी श्वासांमधले तुकडे जोडून काम भागवलं, त्यात जवळजवळ आठवडा गेला.

९ डिसेंबर : मिश्रण, आणि फोनवर हरवलेली खूण

रीपर हे ध्वनी-संपादनाचं सॉफ्टवेअर ६० दिवस चाचणीवर चालतं, नंतर परवाना घ्यावा. ऑडॅसिटीतही हे काम होईल, पण चाळीस-पन्नास ट्रॅक असतील तर रीपरमध्ये हात मोकळा राहतो.

खऱ्या दृश्यांखाली ५५ हर्ट्झची खोल गुणगुण ठेवली होती, आठवणींखाली नव्हती. हेडफोनवर फरक अंगाला जाणवायचा. फोनच्या स्पीकरवर ती गेलीच. इतके छोटे स्पीकर २०० हर्ट्झखाली जवळजवळ काहीच देत नाहीत. त्याच्या पटीतले वरचे सूर मिसळून कानाला मूळ सूर भासवता येतो, तसंही करून पाहिलं. पण मग गुणगुण विजेच्या घरघरीसारखी वाटू लागली. भारतातली वीज ५० हर्ट्झची, ५५ तिच्या अगदी शेजारी. गुणगुण काढून टाकली. गोष्ट कळण्यासाठी गरजेची असलेली प्रत्येक खूण एक हजार ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवावी. साखळीची किणकिण आणि चपलेचा फटका दोन्ही तिथेच बसतात.

दुसरी अडचण रुंदीची. बोटीवरचा माहोल पसरट वाटावा म्हणून उजवी बाजू १५ मिलिसेकंद उशिरा सोडली होती. एकाच स्पीकरवर दोन्ही बाजू मिसळल्या की अशा विलंबाने दर ६७ हर्ट्झला एक खड्डा पडतो, आणि आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ होतो. त्याच मार्गावर चुकून दादाचे दोन संवादही गेले होते, ते भुतासारखे वाटू लागले. विलंब काढला. त्याऐवजी त्याच जागेवर वेगवेगळ्या वेळी घेतलेली दोन रेकॉर्डिंगं डावी-उजवीकडे ठेवली. तेव्हापासून प्रत्येक दृश्य मोनोवर ऐकूनच पुढे सरकायचं, असं ठेवलं.

२० डिसेंबर : श्रोत्यांकडून तपासणी

गोष्ट कळते का, हे बघायला मोजक्या लोकांना ऐकवून प्रश्नावली दिली. पहिला प्रश्न होता: ‘रेवा बोटीवर नव्हती हे तुम्हाला केव्हा कळलं?’ सगळ्यांनी काही ना काही उत्तर दिलं, आणि त्यातलं एकही कामाचं नव्हतं. प्रश्नानेच उत्तर त्यांच्या हातात दिलं होतं. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर यांनी मोटारींच्या टकरीची फीत दाखवून हेच तपासलं. प्रश्नात ‘आदळल्या’ अशा जोरकस क्रियापदाने विचारलेल्या ५० पैकी १६ जणांना आठवड्याने फुटलेली काच आठवली. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. फितीत काच फुटलीच नव्हती.

नवी प्रश्नावली एका ओळीची: ‘काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’ नवे श्रोते, आणि तेच एक आठवड्याने पुन्हा. यातून दोन खऱ्या उणिवा सापडल्या. भागीदाराचं नाव दादाच्या नावाशी इतकं मिळतं होतं की बुडालं कोण यातच लोक अडकले. ते बदललं. आणि स्थळप्रत परीक्षक वाचत होता. अठरा मिनिटं त्याच्या तोंडून ‘विधानं’ ऐकलेल्या श्रोत्यांना तेही आणखी एक विधान वाटलं. तिकीट कोणाच्या डोक्यातून येत नाही, हा सगळा मुद्दाच त्याने बुडत होता. आता ते कारकून वाचतो, पुस्तकाची पानं उलटत, सपाट आवाजात: क्रमांक, तारीख, ‘दुचाकी एक’, आणि थांबतो. ‘प्रवासी’च्या रकान्याबद्दल तो काहीच बोलत नाही. रेवा विचारते, ‘आणि प्रवासी?’ तो म्हणतो, ‘रिकामं आहे.’

आठवड्याने पुन्हा विचारल्यावर काही श्रोत्यांनी सांगितलं की दादाने भागीदाराला ढकललं आणि रेवाने ते पाहिलं. असं दृश्य श्रुतिकेत नाही. ते तसंच राहू दिलं.

६ जानेवारी : अंतिम प्रत

आवाजाचा एकूण मोठेपणा उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक), कमाल टोक उणे १ डेसिबल. भोंगा आणि कुजबुज यांतलं अंतर चित्रपटगृहासारखं ठेवलं तर रिक्षात किंवा लोकलमध्ये ऐकणाऱ्याला कुजबुज जाते. भोंगा हाताने खाली ओढला, सगळ्यावर एकच कॉम्प्रेसर (मोठ्या-बारीक आवाजांतला फरक कमी करणारी सोय) दाबला नाही. तसं केलं तेव्हा विरामांतला श्वास वर येऊन रेवा धापा टाकतेय असं वाटत होतं.

मूळ प्रत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बिनदाबाची. वाटपासाठी १२८ केबीपीएस एमपी३. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर दस्तऐवज म्हणून जोडा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते. स्पीकरसमोर धरून व्हॉइस नोट केलेली प्रत कोणी पुढे ढकलली तर काँक्रीटचं पाऊल त्यात टिकत नाही.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा: दृश्य, आठवणीचा क्रमांक, घेण्याचा क्रमांक. देवनागरी नावं झिप करून दुसऱ्या संगणकावर उघडली की काही वेळा विस्कटतात, आणि तीन आठवणींच्या फाइली ऐकायला इतक्या सारख्या आहेत की नाव गेलं तर कोणती कुठली हे कानाने ओळखायला वेळ लागतो.

रीपरचा परवाना सोडून हिशेब: स्टुडिओ ८,०००, मानधन ९,०००, प्रवास ५,२००, मायक्रोफोनचं भाडं १,५००, फरचं आवरण ९००, पत्रा ४५०, सिरिंज-जेल १८०. एकूण २५,२३० रुपये. कारकुनाचा आवाज मित्रमंडळीतला, बिनपैशाचा. दाभोळच्या पहिल्या फेरीला आवरण जवळ असतं तर प्रवासाचा खर्च निम्म्यावर आला असता.

पत्रा, गोणपाट आणि सुट्या कागदांचा गठ्ठा एकाच खोक्यात ठेवला आहे. एखादा संवाद पुन्हा घ्यावा लागला तर तेच कागद वापरायचे, आणि सत्यतक्ता नटांच्या गटात पाठवायचा नाही.